टुंड्रा ठरतो तो उन्हाळ्यावरून

इंदूरच्या पश्चिमेला, धार रस्त्यालगतच्या सिरपूर तलावाच्या काठावर डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या सकाळी थोडा वेळ स्वस्थ उभे राहिले, तर पाणी ओसरून उघड्या पडलेल्या चिखलात चिमणीएवढे राखाडी-पांढरे पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच वरखाली करत पळताना दिसतात. छोटा टिलवा हे त्यांचे मराठी नाव. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, पाय काळे, रंगरूपात नजर खिळावी असे काहीच नाही. त्यामुळे तलावावर येणारे बहुतेक लोक बदकांकडे पाहतात आणि टिलव्याला ओलांडून पुढे जातात. परंतु हा पक्षी जन्मलेला असतो तो नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियाच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या टुंड्रात, आणि पावसाळा संपता संपता हजारो किलोमीटर उडून तो माळव्याच्या या होळकरकालीन तळ्यावर उतरतो.

गेल्या थंडीत नववीत शिकणारी माझी नात सोबत होती. तिने विचारले, "आजोबा, तिथे थंडी असते म्हणून हे इथे येतात, ते समजलं. पण मग इथेच का नाही राहत? एप्रिलमध्ये परत कशाला जातात तिथे?" प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना, कारण टुंड्रा म्हणजे नेमके काय हे सांगितल्याशिवाय ते उत्तर पुरे होत नाही. हा लेख म्हणजे त्या दिवशी तळ्याकाठी अर्धवट राहिलेले उत्तर आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांची एक सवय अशी, की टुंड्राची ओळख ती त्याच्या हिवाळ्याने करून देतात: बर्फ, अंधार, रेनडिअर, संपला विषय. त्यातून असा समज होतो की जिथे फार कडाक्याची थंडी पडते तो टुंड्रा. वस्तुस्थिती तशी नाही. पूर्व सैबेरियात व्हर्खोयान्स्क नावाचे गाव आहे, जिथे फेब्रुवारी १८९२ मध्ये तापमान उणे ६७.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. उत्तर गोलार्धात माणसाच्या वस्तीत याहून कमी तापमान क्वचितच कुठे मोजले गेले असेल. तरीही त्या गावाच्या आसपास टुंड्रा नाही, लार्च वृक्षांचे जंगल आहे. याउलट अलास्काच्या उत्तर टोकावरचे उत्कियाग्विक, म्हणजे जुन्या नकाशांतले बॅरो, समुद्राच्या सोबतीमुळे इतके टोकाला जात नाही. तिथल्या फेब्रुवारीची सरासरी उणे २५ अंशांच्या आसपास असते. मात्र तिथे क्षितिजापर्यंत एकही झाड दिसत नाही, आणि तो अस्सल टुंड्रा आहे. दोन्ही गावांतला फरक जानेवारीत शोधून सापडत नाही, तो जुलैत सापडतो. व्हर्खोयान्स्कच्या जुलैची सरासरी पंधरा-सोळा अंश असते, तर उत्कियाग्विकची जेमतेम पाच.

म्हणूनच हवामानांचे वर्गीकरण करणाऱ्या व्लादिमिर कोपेन या शास्त्रज्ञाच्या पद्धतीत टुंड्राची व्याख्या उन्हाळ्यावरून केलेली आहे: वर्षातल्या सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान शून्याच्या वर परंतु दहा अंशांच्या खाली राहत असेल, तर ते टुंड्राचे हवामान. महिना शून्याच्याही वर जात नसेल तर तिथे कायमचे हिम असते. दहाच्या वर गेला की झाडे उभी राहू लागतात. दहा अंशांची ही रेषा नकाशावर काढली आणि जंगलाची उत्तर सीमा तिच्या शेजारी ठेवली, तर दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकींच्या जवळून जातात. टुंड्रा हा शब्दही झाड नसण्याशीच जोडलेला आहे; सामी आणि फिनिश भाषांतल्या वृक्षहीन उंचवट्यांच्या नावांतून तो रशियन भाषेमार्गे जगभर गेला.

झाडाला दहा अंशच का लागावेत, असा प्रश्न येथे साहजिक आहे. लाकूड हा महागडा पदार्थ आहे. खोड वाढवायचे, त्यात दरवर्षी नवा थर घालायचा, कोवळे फुटवे थंडी येण्यापूर्वी पक्के करायचे, या सगळ्यासाठी पेशींची वाढ सलग काही आठवडे चालू राहावी लागते, आणि पाच-सहा अंशांच्या खाली ती जवळजवळ थांबते. शिवाय जमिनीपासून जितके वर जावे तितका वारा जास्त आणि ऊब कमी. हिवाळ्यात हिमाचे कण त्या वाऱ्याबरोबर उडतात आणि हिमाच्या थराबाहेर डोकावणारी प्रत्येक फांदी सोलून काढतात. उंच होण्याचा खर्च मोठा आणि त्यातून मिळकत शून्य, असा हा व्यवहार असल्यामुळे टुंड्रातली वनस्पती तो करतच नाही.

उन्हाळा इतका दुबळा का, याचेही उत्तर आपल्याकडच्या अनुभवातून देता येते. उत्कियाग्विकला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, सुमारे ऐंशी दिवस, सूर्य मावळतच नाही. ऐकताना वाटते की केवढे ऊन पडत असेल. परंतु २१ जूनच्या मध्यान्हीलाही तिथे सूर्य क्षितिजापासून केवळ ४२ अंश वर असतो. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे जूनमध्ये सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीही दुपारी तो ४४ अंशांवर असतो. म्हणजे टुंड्राचे वर्षातले सर्वांत प्रखर ऊन हे आपल्या डिसेंबरातल्या दुपारच्या उन्हापेक्षाही किंचित तिरपे आहे. त्यातलाही मोठा भाग आधी साचलेले हिम वितळवण्यात खर्च होतो, आणि पांढरे हिम असेपर्यंत बराचसा प्रकाश आल्या पावली परत फिरतो. जमीन तापायला उरतात ते सहा ते दहा आठवडे. नंतर नोव्हेंबरच्या मध्यापासून सुमारे पासष्ट दिवस सूर्य उगवतच नाही.

आता पायाखाली पाहू, कारण टुंड्राची निम्मी गोष्ट जमिनीखाली आहे.

पूर्व सैबेरियातल्या याकुत्स्क शहरात फ्योदोर शेर्गिन नावाच्या एका व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने १८२८ साली पिण्याच्या पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. माळव्यात विहीर खणताना वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो, आणि नशीब असेल तर पाषाणाच्या फटीतून झरा फुटतो. शेर्गिनला मात्र प्रत्येक हातावर गोठलेली मातीच लागत गेली. तो चिकाटीचा माणूस असावा, कारण १८३७ पर्यंत खोदकाम चालू राहिले आणि खोली ११६ मीटरवर पोहोचली. पाणी लागले नाही. पुढे १८४०च्या दशकात मिडेंडॉर्फ या शास्त्रज्ञाने याच कोरड्या विहिरीत उतरून वेगवेगळ्या खोलीवरची तापमाने मोजली आणि तळाशीदेखील जमीन शून्याखालीच आहे हे दाखवून दिले. पाण्यासाठी खणलेली ही विहीर विज्ञानाच्या अशी कामी आली. अशा जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. किमान सलग दोन वर्षे जिचे तापमान शून्यावर गेलेले नाही ती जमीन, मग ती माती असो, वाळू असो की खडक. सैबेरियात काही ठिकाणी तिची जाडी हजार मीटरहूनही अधिक भरते. याकुत्स्क जंगलाच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे पर्माफ्रॉस्ट असला की झाड उगवतच नाही असे नाही. उथळ मुळांचे लार्च त्यावर निभावून नेतात. मात्र दुबळा उन्हाळा आणि गोठलेला तळ हे दोन्ही एकत्र आले, की आर्क्टिक टुंड्राची जमीन तयार होते.

उन्हाळ्यात या जमिनीचा फक्त वरचा थर वितळतो. कुठे वीतभर, कुठे मीटरभर. सगळी मुळे, सगळे किडे, सगळे कुजणे आणि उगवणे या थरातच चालते. टुंड्रातले एक कोडे यामुळेच सुटते. उत्कियाग्विकला वर्षभरात दीडशे मिलिमीटरही पाऊस-हिम पडत नाही. इंदूरची सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे. आकड्यावरून तो प्रदेश वाळवंट ठरावा, आणि प्रत्यक्षात उन्हाळ्यात तिथे पाऊल ठेवाल तिथे घोट्यापर्यंत पाणी असते, तळी-डबक्यांना गणती नसते. पडलेले थोडेसे पाणी खाली मुरू शकत नाही, कारण खाली गोठलेली फरशी आहे; आणि वर उडून जाऊ शकत नाही, कारण हवेत तेवढी उष्णता नाही. पाण्याची आवक कमी असली तरी जावक जवळजवळ नाही, म्हणून तो प्रदेश दलदलीचा होतो.

इंदूरजवळच्या सांवेरच्या बाजूला मे महिन्यात नांगरलेल्या शेताजवळची पडीक काळी जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना टुंड्राचे विमानातून काढलेले छायाचित्र पाहून ओळखीचे काहीतरी दिसल्यासारखे वाटेल. आपल्याकडे काळी माती वाळली की आकसते आणि पाच-सहा बाजूंच्या तुकड्यांत भेगाळते. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि आत किंचित ओलसर गारवा लागतो. पहिल्या दोन-चार पावसांत माती फुगते आणि भेगा मिटून जातात. टुंड्रातही जमीन अशीच बहुकोनी तुकड्यांत भेगाळलेली असते, परंतु तुकडा वीतभर नसून दहा ते तीस मीटर रुंद असतो आणि भेग वाळल्याने नव्हे, गोठल्याने पडते. कडक हिवाळ्यात गोठलेली जमीन आणखी थंड झाली की आकसून तडकते. वसंतात हिमाचे पाणी त्या चिरेत उतरते आणि तिथेच गोठते. आपल्याकडची भेग पावसाळ्यात मिटते, तिथली मिटत नाही. पुढच्या हिवाळ्यात जमीन नेमकी त्याच जागी पुन्हा तडकते, पुन्हा थोडे पाणी शिरते, आणि शेकडो-हजारो वर्षांत त्या चिरेतून पाचरीच्या आकाराची, काही मीटर खोल जाणारी बर्फाची भिंत तयार होते. वरून पाहिले तर प्रत्येक तुकड्याच्या कडा उचललेल्या आणि मध्ये पाणी साठलेले, जणू कुणी बांध घालून वाफे पाडून ठेवले आहेत.

या जमिनीवर फुले येणाऱ्या आणि तत्सम वनस्पतींच्या सुमारे दोन हजार जाती तग धरून आहेत. त्यांच्या युक्त्यांची मोठी यादी करता येईल. मला त्यांतल्या मोजक्याच महत्त्वाच्या वाटतात. पहिली युक्ती म्हणजे जमिनीला चिकटून राहणे. सायलीन अकॉलिस नावाची वनस्पती हिरव्या उशीसारखी वाढते. शेकडो बारीक फांद्या एकमेकींना इतक्या खेटून असतात की वारा आत शिरत नाही, आणि भर उन्हात त्या उशीच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक असू शकते. वाऱ्याच्या बाहेर राहिलेली बोटभर उंचीची ही हवाच तिचा स्वतःचा उन्हाळा असतो. तिथे विलो आहेत, भूर्जही आहेत, परंतु आपल्या हिमालयातला भूर्ज माणसाहून उंच वाढतो, तर तिथला जेमतेम गुडघ्याला लागतो. आर्क्टिक विलोचे खोड जमिनीवर वेलीसारखे सरपटते, आणि बोटाएवढ्या जाडीच्या खोडाची वलये मोजली तर ते शंभर वर्षांहून जुने निघू शकते.

दुसरी युक्ती फुलांची. ड्रायस या आठ पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलाचा आणि आर्क्टिक खसखशीच्या पिवळ्या फुलाचा आकार वाटीसारखा असतो, आणि ही फुले दिवसभर सूर्याकडे तोंड वळवत राहतात. वाटीच्या पाकळ्यांवरून परावर्तित झालेली ऊब मधोमध, जिथे बी धरायचे असते तिथे, एकवटते. काही अंशांचा हा फायदा एवढा मोलाचा असतो की किडे नुसते अंग शेकायलाही त्या फुलांत येऊन बसतात. याच ड्रायसची पाने डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या तळ्यांच्या जुन्या गाळात सापडली. आज तिथे शेती आहे. ज्या काळात ती पाने गाळात पडली त्या काळी तिथे टुंड्रा होता. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या त्या थंड कालखंडाला म्हणूनच या फुलाचे नाव मिळाले.

तिसरी गोष्ट घाई न करण्याची. एका उन्हाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरायला वेळच नसल्यामुळे तिथल्या जवळजवळ सगळ्या वनस्पती बहुवर्षायू असतात. कळी एका वर्षी धरतात आणि ती पुढच्या वर्षी उमलते. घाई न करण्याचा कळस गाठतात ती दगडफुले. गोडा मसाला करताना इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेले काळपट, कुरकुरीत दगडफूल ज्यांनी हाताळले आहे त्यांनी लायकेन पाहिलेले आहे, नाव माहीत नसले तरी. बुरशी आणि शैवाल यांच्या भागीदारीतून हा जीव बनतो. टुंड्रात याच प्रकारचे क्लॅडोनिया नावाचे फांद्याफांद्यांचे, फिकट राखी रंगाचे दगडफूल मैलोगणती पसरलेले असते. इंग्रजीत त्याला रेनडिअर मॉस म्हणण्याचा प्रघात आहे, पण मॉस या हिरव्या बुटक्या वनस्पतीशी त्याचा संबंध नाही. ते वर्षाला तीन ते पाच मिलिमीटर वाढते. रेनडिअरचा कळप एका हिवाळ्यात जो पट्टा चरून जातो, तो पूर्ववत व्हायला काही दशके लागतात, आणि कळपांना सतत चालत का राहावे लागते याचे एक कारण यात आहे.

प्राण्यांपुढे दोनच मोठे मार्ग असतात: हिवाळ्यात तिथून निघून जाणे, किंवा थांबणे. थांबणाऱ्यांतला सर्वांत महत्त्वाचा प्राणी रेनडिअर नव्हे, असे माझे मत आहे. तो मान लेमिंग या उंदराएवढ्या, आखूड शेपटीच्या कुरतडणाऱ्या प्राण्याला द्यावा लागेल. लेमिंग शीतनिद्रा घेत नाही. हिमाच्या थराखाली जमिनीलगत बोगदे करून तो हिवाळाभर शेवाळ आणि गवताची बुडखे खात राहतो, घरटे बांधतो, पिल्लेही घालतो. हिम ही उत्तम रजई आहे. वर हवा उणे तीस असली तरी पुरेशा जाड हिमाखाली तापमान शून्याच्या खाली काही अंशांवरच थांबते. लेमिंगांची संख्या तीन-चार वर्षांनी प्रचंड वाढते आणि मग कोसळते. ते कड्यावरून सामूहिक आत्महत्या करतात ही कथा खोटी आहे. १९५८च्या एका अमेरिकी माहितीपटाने मुद्दाम घडवून चित्रित केलेल्या दृश्यांनी ती जगभर पसरवली.

लेमिंग भरपूर असलेल्या वर्षी हिमघुबड एका घरट्यात दहा-अकरा अंडीसुद्धा घालते, आणि नसलेल्या वर्षी विणीच्या भानगडीतच पडत नाही. आर्क्टिक कोल्ह्याचेही तसेच. लेमिंग संपले की कोल्हे पक्ष्यांच्या अंड्या-पिल्लांकडे वळतात, आणि त्याचा हिशेब हजारो किलोमीटरवर लागतो. तैमिर द्वीपकल्पात वीण करणाऱ्या ब्रेंट हंसांच्या आणि बाकचोच टिलव्यांच्या बाबतीत संशोधकांना असे आढळले, की युरोप-आफ्रिकेतल्या हिवाळी मुक्कामी उतरणाऱ्या थव्यांत त्या वर्षीची कोवळी पिल्ले किती असतील हे सैबेरियातल्या लेमिंगांच्या चढउतारांशी जुळते. टुंड्रात कोल्ह्याचे पोट उंदराने भरले, तरच पक्ष्याचे पिल्लू वाचते. पोट भरले नाही तर कोल्हा किती दूर जाऊ शकतो याचेही एक उदाहरण नोंदलेले आहे: गळ्यात संदेशपट्टा बांधलेली एक तरुण मादी मार्च २०१८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरून निघाली आणि गोठलेल्या समुद्रावरून, ग्रीनलंड ओलांडून, ७६ दिवसांत ३,५०६ किलोमीटर चालत कॅनडाच्या एल्समिअर बेटावर पोहोचली.

झोपून हिवाळा काढणारा प्राणी तिथे दुर्मीळ, कारण गोठलेल्या जमिनीत खोल बीळ करता येत नाही. आर्क्टिक खार हा अपवाद. तिची झोप सात-आठ महिन्यांची असते, आणि १९८९ साली अलास्कातल्या संशोधकांनी दाखवून दिले की त्या झोपेत तिच्या शरीराचे तापमान उणे २.९ अंशांपर्यंत खाली जाते, तरी रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती काही तास अंग तापवून घेते आणि पुन्हा थंड पडते. रेनडिअरचे वैशिष्ट्य डोळ्यांत आहे. त्याच्या डोळ्यामागचा परावर्तक पडदा उन्हाळ्यात सोनेरी आणि अंधाऱ्या हिवाळ्यात निळा होतो, त्यामुळे अंधुक प्रकाशात त्याला अधिक दिसते. शिंगे नर आणि मादी दोघांनाही असतात, आणि हे हरणांच्या कुळात दुसरीकडे आढळत नाही. मस्क ऑक्स हे दाट केसांचे, गुरासारखे प्राणी लांडगे दिसताच पिल्लांना आत घेऊन शिंगे बाहेर करून रिंगण धरतात. ही रीत लांडग्यांपुढे चालते. बंदुकीपुढे त्याच रीतीने कळपच्या कळप मारले गेले.

सिरपूरच्या टिलव्याकडे आता परत येता येईल. जून उजाडला की टुंड्रातल्या लाखो डबक्यांत डास आणि चिलटांच्या अळ्या एकाच वेळी वर येतात. माणसाला आणि रेनडिअरला नकोसा करणारा हा डासांचा सुकाळ पिल्लांसाठी मात्र पंगत असते, आणि ती चोवीस तास उजेडात वाढलेली असते. टिलव्याची मादी अनेकदा एका घरट्यात अंडी घालून ती नराकडे उबवायला सोपवते आणि दुसऱ्या घरट्यातली अंडी स्वतः उबवते. दिवस कमी, म्हणून काम वाटून घेतलेले. पिल्ले अंड्यातून निघाल्यावर लगेच स्वतःच टिपून खाऊ लागतात. माळव्यात मे-जूनमध्ये तळी आटतात, चिखल कडक होतो आणि साप, मुंगूस, मांजर, कावळा यांची नजर बारा महिने असते. टुंड्रात शत्रू आहेत, पण वर्षभर पोसले जातील इतके नाहीत. नातीच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच: तो पक्षी थंडीकडे परत जात नाही, त्या सहा-आठ आठवड्यांच्या उन्हाळ्याकडे परत जातो.

टुंड्राचे आणखी दोन प्रकार सांगितले जातात. उंच पर्वतांवर वृक्षरेषेच्या वर जो गवताळ-खडकाळ पट्टा असतो तो पर्वतीय टुंड्रा. हिमालयातही तो आहे. तिथे रात्र-दिवस आपल्यासारखेच असतात आणि उतारामुळे पाणी साचत नाही, त्यामुळे साम्य वरवरचे आहे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत थोडा टुंड्रा आहे, ज्यात एक गवत आणि एक पर्लवर्ट अशा दोनच मूळच्या सपुष्प वनस्पती आढळतात.

गोठलेली जमीन कुजू देत नाही, आणि हा तिचा गुण आता चिंतेचा विषय झाला आहे. सैबेरियाच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडच्या रँगल बेटावर मॅमथ हत्तींचा शेवटचा कळप सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत हयात होता. पुरातत्त्वज्ञ हरिभाऊ वाकणकरांनी १९६४ साली उज्जैनजवळ शोधून काढलेल्या कायथा इथल्या वस्तीत माणसे तांब्याची हत्यारे वापरत होती, त्या सुमारासची ही गोष्ट. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून मॅमथांचे अवशेष अजूनही केसांसकट बाहेर येतात. सैबेरियातल्या कोलिमा नदीच्या काठी एका खारीने बिळात साठवलेली सायलीनच्याच कुळातली फळे सुमारे ३२,००० वर्षे गोठून राहिली होती, आणि रशियन शास्त्रज्ञांनी त्यांच्या ऊतींपासून पुन्हा फुलणारी रोपे तयार केल्याचे २०१२ साली प्रसिद्ध केले. न कुजलेल्या मुळांचा, शेवाळाचा आणि पानांचा असा साठा हजारो वर्षे थरावर थर जमत गेला. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशात सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कार्बन असावा असा अंदाज आहे, म्हणजे आज हवेत असलेल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट.

जमीन वितळली की जिवाणू या साठ्यावर काम सुरू करतात. हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि पाण्याखाली हवा नसेल तर मिथेन. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश उरलेल्या जगाच्या तीन ते चारपट वेगाने तापला आहे. ज्या व्हर्खोयान्स्कचा उणे ६७.८चा आकडा वर आला, तिथेच २० जून २०२० रोजी ३८ अंशांची नोंद झाली. मे महिन्यातल्या इंदुरात हा आकडा कुणाच्या लक्षातही आला नसता. २००७ मध्ये अलास्कातल्या अनाक्तुवुक नदीच्या परिसरात टुंड्राला लागलेल्या आगीत हजाराहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्र जळाले, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. अमेरिकेच्या सागर व वातावरण संस्थेच्या २०२४ सालच्या आर्क्टिक अहवालाने असे नोंदवले की वणवे हिशेबात धरले तर टुंड्रा आता कार्बन साठवण्याऐवजी तो सोडू लागला आहे. दुसरीकडे, उन्हाळा लांबल्याने झुडपे उत्तरेकडे सरकत आहेत आणि उपग्रहांतून टुंड्रा पूर्वीपेक्षा हिरवा दिसतो. हिरवे दिसणे चांगलेच, असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु हिमाबाहेर डोके काढणारे गडद झुडूप प्रकाश शोषून घेते, भोवती हिम अडवून जमिनीवर जाड रजई घालते, आणि त्यामुळे खालची जमीन हिवाळ्यात पुरेशी गोठत नाही.

याचे चटके आधी तिथल्या माणसांना बसले. पश्चिम सैबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर, ज्याचा नेनेत्स भाषेतला अर्थच जमिनीचे टोक असा आहे, नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन वर्षभर फिरतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे हिमावर पाऊस पडला आणि लगेच गोठला. चाऱ्यावर काचेसारखा बर्फाचा थर बसला, तो खुरांनी फुटेना, आणि त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. गारपिटीने उभा गहू झोपलेला पाहिलेल्या माळव्यातल्या शेतकऱ्याला हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. २०१६च्या उन्हाळ्यात तिथेच जमीन नेहमीपेक्षा खोल वितळली आणि जुन्या मुरलेल्या रोगजंतूंमुळे काळपुळीची साथ पसरली. दोन हजारांहून अधिक रेनडिअर आणि एक बारा वर्षांचा मुलगा दगावला.

भारताचाही या प्रदेशाशी थेट संबंध आहे. स्वालबारमधल्या न्यू-ओलेसुंड येथे ७९ अंश उत्तरेच्या जरा अलीकडे, टुंड्राच्या मधोमध, हिमाद्री हे भारताचे संशोधन केंद्र २००८ पासून चालते. त्याचा कारभार गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. त्याच बेटावर, त्याच वर्षी, डोंगराच्या पोटात जागतिक बियाणे कोठार उघडले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेने तिथे ज्वारी, बाजरी, तूर आणि हरभऱ्याची वाणे ठेवलेली आहेत. यंत्रे बंद पडली तरी भोवतीची गोठलेली जमीन बी थंड राखील, हा जागा निवडण्यामागचा एक विचार होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये अवेळी पडलेल्या पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी कोठाराच्या बोगद्यात शिरले. बियांपर्यंत ते पोहोचले नाही, परंतु बोगदा नव्याने जलरोधक करावा लागला.

एप्रिलच्या सुरुवातीला सिरपूरच्या टिलव्यांच्या पाठीवर विटकरी रंग चढू लागतो आणि ते आधीपेक्षा हावरटपणे टिपू लागतात. मग एका सकाळी चिखल रिकामा असतो. निघण्याची वेळ त्यांना मुख्यत्वे दिवसाच्या लांबीवरून कळते. सैबेरियातले हिम यंदा दहा दिवस आधी वितळले आहे, हे इंदूरच्या दिवसाच्या लांबीत कुठेच लिहिलेले नसते. त्यांच्याच गणातल्या रेड नॉट या पक्ष्यावर तैमिरमध्ये झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की हिम लवकर वितळलेल्या वर्षी किड्यांची पंगत पिल्ले निघण्यापूर्वीच उठते. त्या वर्षीची पिल्ले आकाराने लहान राहतात, चोचही आखूड राहते, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिवाळ्यासाठी उतरल्यावर वाळूत खोल असलेल्या शिंपल्यांपर्यंत ती पोहोचत नाही. टिलवा वरवरच्या चिखलात टिपतो, त्यामुळे त्याची अडचण याच रीतीची असेल असे नाही. नातीने मात्र या थंडीत सोबत वही न्यायची ठरवली आहे: काठावरच्या थव्यात त्या वर्षीची कोवळी पिल्ले किती, हे पाठीवरच्या पांढऱ्या रेषांवरून सप्टेंबर-ऑक्टोबरातच ओळखता येते, म्हणून आम्ही दसऱ्याच्या सुमारास जाणार आहोत.